चौथं राज्य आणि शमुवेलभाऊंची करुणा

मी वाशीमला पाळक होतो. पाळक म्हणजे चर्चचा पास्टर. कोणी मला पाद्रीबाबा म्हणायचं, कोणी पास्टर साहेब, आणि आमचा पोस्टमन नुसतंच 'चर्चवाले'. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या एका स्नेह्यांनी मला मनापासून विचारलं, "रविवारचे दोन तास सोडले तर बाकी आठवडाभर तुम्ही करत तरी काय होता हो?" ते स्वतः तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. प्रश्नात खोच नव्हती. माझ्या शेजारी इतकी वर्षं राहून त्यांना खरंच उलगडा झाला नव्हता.

मी म्हणालो, लग्नं लावली, बाप्तिस्मे केले, माणसं पुरली, आजाऱ्यांपाशी बसलो, चर्चच्या छपराचे पत्रे बदलून घेतले. पण या सगळ्याहून जास्त वेळ गेला तो राजांमध्ये.

"कोणत्या राजांमध्ये?"

"बाबेलच्या, पारसच्या, रोमच्या."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण ते खरं आहे. आमच्या लोकांनी मला पापाबद्दल क्वचित विचारलं, स्वर्गाबद्दल थोडंफार विचारलं, आणि राज्यांबद्दल सतत विचारलं. निवडणूक आली की विचारायचे, टीव्हीवर लढाई दिसली की विचारायचे, नवं कार्ड निघालं की विचारायचे. सगळे प्रश्न फिरून एकाच स्वप्नापाशी यायचे. ते स्वप्न आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्या पवित्र शास्त्रात दानीएल नावाच्या एका यहुदी तरुणाची हकिगत आहे. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाने त्याचं शहर जिंकलं आणि त्याला पकडून परक्या मुलखात नेलं. तिथे त्याचं नाव बदललं, भाषा बदलली आणि त्याला राजवाड्यात नोकरीला लावलं. एके रात्री त्या राजाला स्वप्न पडलं आणि त्याची झोप उडाली. सकाळी त्याने सगळ्या ज्योतिष्यांना बोलावून फर्मान काढलं की अर्थ नंतर सांगा, आधी मला पडलेलं स्वप्न काय होतं ते तुम्हीच सांगा, नाहीतर सगळ्यांची मुंडकी उडवतो. दानीएलाने प्रार्थना केली आणि ते सांगितलं. राजाने एक प्रचंड पुतळा पाहिला होता. डोकं सोन्याचं, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावलं मात्र अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. मग कोणाचाही हात न लागता डोंगरातून एक दगड सुटला, पावलांवर आदळला, पुतळ्याचा भुगा झाला, खळ्यातल्या भुशासारखा वाऱ्यावर उडून गेला, आणि तो दगड वाढत वाढत सगळी पृथ्वी भरून राहिला. दानीएल म्हणाला, महाराज, सोन्याचं डोकं तुम्ही. तुमच्या मागून दुसरं राज्य येईल, मग तिसरं, मग चौथं. आणि शेवटी देवाचं राज्य, जे मोडणार नाही.

आमच्या जुन्या गुरूंनी शतकानुशतकं याचा अर्थ असा लावला, की सोनं म्हणजे बाबेल, चांदी म्हणजे मेद आणि पारस ही आजच्या इराणातली जुनी राज्यं, पितळ म्हणजे ग्रीस, लोखंड म्हणजे रोम, आणि दगड म्हणजे ख्रिस्ताचं राज्य. भांडण आहे ते पावलांवर आणि दगडावर. काही म्हणतात, दगड ख्रिस्ताच्या जन्मालाच पडला आणि तो हळूहळू वाढतोय. काही म्हणतात, अजून पडायचाय, पावलांची दहा बोटं म्हणजे शेवटच्या काळातले दहा राजे, ते आधी येतील. काही विद्वान रोमपर्यंत जातच नाहीत. ते मेद आणि पारस वेगळे मोजतात आणि गोष्ट ग्रीकांवर संपवतात. मी पाळकांच्या ज्या विद्यालयात शिकलो, तिथे आम्हाला हे सगळे अर्थ शिकवले आणि वर बजावलं की लोकांना गोंधळात टाकू नका. गोंधळात न टाकता हे कसं सांगायचं, ते काही शिकवलं नाही. ते मला वाशीमच्या लोकांनी शिकवलं.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड आमच्या चर्चला यायचे. नाव मनोहरराव. माणूस अत्यंत काटेकोर. त्यांनी दहा बोटांवर दहा देश बसवले होते. युरोपातल्या देशांची संघटना एके काळी दहाच देशांची होती, तेव्हा मनोहरराव फार समाधानात होते. पुढे ती बाराची झाली, पंधराची झाली, आणि दर वेळी ते रविवारची उपासना संपल्यावर माझ्यासमोर चिंतातुर उभे. एकदा मी म्हणालो, "मनोहरराव, आता बोटं पुरत नाहीत. काय करायचं?" ते शांतपणे म्हणाले, "पास्टर साहेब, आमच्या मोठ्या भावाच्या एका पायाले सहा बोटं होती. चालाले काही तरास नव्हता त्याले." त्यांनी तो विश्वास शेवटपर्यंत सोडला नाही, आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने गेलेला माणूस मी फार थोडा पाहिला. त्यांच्या बोटांचा हिशोब मला कधी पटला नाही. त्यांच्या प्रसन्नतेचा मला कायम हेवा वाटला.

दुसरे एक गृहस्थ आमच्या समाजाचे नव्हतेच. मानोऱ्याकडच्या एका गावातून सरपंचपदाला उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला मोठा टिळा. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की पाद्रीच्या पुस्तकात कोणाचं राज्य येणार ते लिहिलेलं आहे. मोटारसायकल चर्चच्या फाटकाला टेकवून आत आले आणि म्हणाले, "तेवढं आपल्या गावचं पाहून सांगा ना साहेब."

मी त्यांना चहा दिला आणि सगळा पुतळा सांगितला. त्यांनी मन लावून ऐकला. मग म्हणाले, "म्हंजे सोन्याचा असो का लोखंडाचा, पडतेच?"

"पडतोच."

थोडा विचार करून ते उठले. "मंग निवडून येऊनच पडतो," म्हणाले. आले निवडून. पाच वर्षांनी पडले. पुढे बाजारात भेटले की लांबूनच हात करून म्हणायचे, "पास्टर साहेब, भुसा झाला आपला." त्या स्वप्नाचा अर्थ इतक्या लवकर समजलेला माणूस मला आमच्या मंडळीतही सापडला नाही.

हे सगळं हसण्यावारी जायचं. शमुवेलभाऊंचं प्रकरण तसं नव्हतं.

अनसिंगच्या पुढे एका लहान गावात आमची मोजकी घरं होती. महिन्यातून एकदा मी तिथे उपासनेला जायचो. शमुवेलभाऊ तिथले पुढारी. थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. तरुणपणी काही वर्षं ते पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जायचे, पुढे ते सोडलं. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. मी नसलो की उपासना तेच चालवायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांची प्रार्थना माझ्यापेक्षा साधी आणि चांगली असे. बायको रत्नाबाई, आणि एकुलती एक मुलगी करुणा.

करुणा पहाटे अनसिंगच्या रस्त्याने धावायची. आधी गावातल्या बायका दारात उभं राहून बघायच्या, मग त्यांना सवय झाली. तिला पोलिसात जायचं होतं. भरती निघाली, मैदानी चाचणीत ती धावली, गोळा फेकला, लेखी परीक्षा दिली आणि यादीत तिचं नाव आलं. त्या महिन्याच्या उपासनेत मी तिच्यासाठी उपकाराची प्रार्थना केली. शमुवेलभाऊंनी डोळे मिटले होते, पण 'आमेन' म्हटलं नाही. ते माझ्या लक्षात आलं.

काही दिवसांनी करुणा एकटीच वाशीमला आमच्या घरी आली. माझी बायको सुशीला हिने तिला आत बसवलं, पोहे दिले. तिने ताट तसंच ठेवलं.

"काका, बाबानं माहे सगळे कागद पेटीत टाकले. मार्कशीट, आधार, सगळं. अन् कुलूप लावलं."

"का?" मी विचारलं.

"म्हंते, सरकार म्हंजे चौथं राज्य हाय. त्याची वर्दी घातली का शिक्का बसला. मंग वाचत नाही मानूस."

मला अंदाज होता. वर्षभरापासून त्या गावात मोबाइलवर एका प्रचारकाची भाषणं फिरत होती. कोण, कुठला, मला कधी कळलं नाही. आवाज मात्र जबरदस्त. तो दानीएलातली दोन वाक्यं घ्यायचा, शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातलं, माणसांवर आपली छाप मारणारं श्वापद घ्यायचा, आणि सांगायचा की लोखंडी पाय म्हणजे आजचं सरकार, कार्ड म्हणजे श्वापदाची छाप, दगड सुटलेला आहे, बाजूला व्हा. तीन घरांनी तर आमच्या उपासनेला येणंच बंद केलं होतं.

सुशीला म्हणाली, "अगं, कागद दुसरे काढता येतात. ह्यांच्या ओळखी आहेत कचेरीत."

करुणाने मान हलवली. "मले मालूम हाय काकू. पन तसं गेली तं बाबा माह्याशी बोलनार नाही. आन् बाबा वाईट मानूस नाही. कुलूप त्यानंच उघडलं पायजे."

प्रशिक्षणाला हजर व्हायचा दिवस फार दूर नव्हता. एका मुलीची नोकरी आणि तिचा बाप, दोन्ही वाचवायचं होतं. पाळकाच्या कामात असं ओझं अधूनमधून येतं, आणि त्या वेळी पुस्तकांनी भरलेलं कपाट अगदी बिनकामाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. शमुवेलभाऊ ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसले होते. त्यांनी मला बाज दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा पंपाला लागले.

मी मुद्द्यावर आलो. चौथं राज्य रोमचं होतं असं बहुतेक गुरू कसं मानतात ते सांगितलं, ख्रिस्त स्वतः रोमच्या राज्यातच जन्मला हे सांगितलं, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रेषितांनी शिकवलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "रोम गेलं, पन लोखंड गेलं का पास्टर साहेब?"

मी म्हणालो, "दानीएल स्वतः राजाच्या नोकरीत होता की, भाऊ."

"थो कैदी होता. त्याले धरून नेलं. माही पोरगी कैदी हाय का? थे आपल्या पायानं धावत जाऊन राह्यली."

खरं तर मुद्दा चांगला होता. मी विद्यालयात शिक्षक असतो तर गुण दिले असते.

मोटारसायकल सुरू करता करता मला एक गोष्ट सुचली. त्यात हुशारी नव्हती. आमच्या धंद्याचं ते सगळ्यात जुनं हत्यार आहे. मी परत ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "भाऊ, वाद नको. दानीएल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू. रोज दुपारी एक अध्याय. घरातलं प्रत्येक जण आळीपाळीने वाचेल. मी अर्थ सांगणार नाही. मोबाइलवाल्यानेही सांगायचा नाही. फक्त वाचायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोलनार नाही?"

"नाही."

"तुमाले जमन?"

रत्नाबाई आतून हसल्या. तिथे ते ठरलं.

मी रोज दुपारी वाशीमहून तिथे जाऊ लागलो. इतर कामं सकाळी उरकायचो. ओसरीवर आम्ही चौघं बसायचो. उपासनेला येणं बंद केलेल्या घरांतली एक म्हातारी कधीमधी कुंपणापाशी येऊन उभी राहायची, आत यायची नाही. गप्प बसणं मला फार जड गेलं. पाळकाला अर्थ सांगायची इतकी सवय असते की कोणी 'मीठ द्या' म्हटलं तरी त्याला तीन मुद्दे सुचतात.

पण वाचता वाचता मला एक नवल वाटायला लागलं. इतकी वर्षं मी त्या पुस्तकातले पुतळे आणि श्वापदं शिकवत होतो. शमुवेलभाऊंच्या ओसरीवर मला त्यातली माणसं ऐकू आली. दानीएल राजाचं अन्न खात नाही, भाजीपाला आणि पाणी मागतो, पण कामाला नकार देत नाही. त्याचे सोबती राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत, भट्टीत जातात, बाहेर येतात आणि पुन्हा त्याच प्रांताचा कारभार बघतात. राजाला वेड लागतं तेव्हा दानीएलाला आनंद होत नाही, वाईट वाटतं. त्याला सिंहांच्या गुहेत टाकतात, तिथून जिवंत निघाल्यावरही तो राज्य सोडून पळत नाही. करुणा हे भराभर वाचायची, शमुवेलभाऊ खणखणीत वाचायचे. रत्नाबाई बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचायच्या. त्या मोठेपणी वाचायला शिकल्या होत्या.

आठवा अध्याय रत्नाबाईंच्या वाट्याला आला. त्यात एडका आणि बकरा यांचा दृष्टान्त आहे. एक राज्य दुसऱ्याला शिंगाने पाडतं, मोठं शिंग मोडतं, त्याजागी चार निघतात. मोबाइलवाल्याचा तो आवडता अध्याय. त्यांना वाचायला बराच वेळ लागला. शेवटी त्या अशा ओळीशी आल्या, जिथे दानीएल म्हणतो की हे सगळं पाहून मी मूर्च्छित झालो, काही दिवस आजारी पडून होतो, मग उठलो आणि राजाचं कामकाज करू लागलो.

त्या थांबल्या. ओळ परत एकदा बोटाने चाचपली.

"म्हंजे कामावर गेला?"

मी बोलणार नव्हतोच.

"एवढं पायलं त्यानं," रत्नाबाई म्हणाल्या. "सगळे राज्य पडनार हे पायलं. आजारी पडला. अन् मंग उठून कामावर गेला. तुमी वाचलं होतं का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

शमुवेलभाऊंनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, आणि मिटवून ठेवलं. "थो भाग मोबाइलवर नाही सांगत," एवढंच म्हणाले.

मी ती ओळ विद्यालयात वाचली होती, पुढे अनेकदा वाचली होती. परीक्षेत शिंगांवर प्रश्न यायचा. त्या ओळीवर कधी आला नाही.

मला वाटलं, जिंकलं. मी आभार मानून उठणार तोच शमुवेलभाऊ म्हणाले, "बसा, पास्टर साहेब." मग करुणाकडे न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"मी ऊसतोडीले होतो. तवा करुणा पोटात होती. तथल्या एका बंगल्यावर चोरी झाली. मुकादमाचं अन् माहं पटत नव्हतं, त्यानं माहं नाव सांगतलं. मले ठान्यात नेलं. मी म्हनो, साहेब मी नाही, मी देवाची शपथ घेतो. थे म्हने, कोनता देव बे तुहा." ते थांबले. "बुटाचे पाय होते. खाली पडलो का फक्त बूटच दिसतात मानसाले. दुसऱ्या दिशी खरा चोर सापडला. सोडून देलं. कोनी काही बोललं नाही. जा म्हनले."

रत्नाबाईंना मार लागलेला माहीत होता. पडून लागलं, असं त्यांना सांगितलेलं होतं.

"लोखंडाचे पाय कोनचे, थे मले मोबाइलवाल्यानं नाही शिकोलं," शमुवेलभाऊ म्हणाले. "त्यानं फक्त नाव देलं. थे बूट आता माही पोरगी घालनार."

मी त्या माणसाला वीसेक वर्षं ओळखत होतो. त्यांच्या घरी जेवलो होतो, त्यांच्या आईला मी माती दिली होती. हे मला माहीत नव्हतं. रोम, ग्रीस, दहा बोटं, सगळं बाजूला राहिलं. मी त्यांचा हात धरला.

करुणा उठून बापाच्या समोर जमिनीवर बसली. ती रडत नव्हती. तिचा आवाजही चढला नाही.

"बाबा, त्या दिशी त्या ठान्यात आपलं कोनी असतं तं?"

"आपलं कोन असनार तथं?"

"म्हनून तं." ती म्हणाली. "मी काही मोठी साहेब नाही होनार. शिपाईच राहीन. पन कोनी म्हनलं का मी नाही केलं, तं त्याले आधी पानी देईन अन् मंग इचारीन. एवढं तं माह्या हातात राहीन."

शमुवेलभाऊ अंगणाकडे बघत म्हणाले, "त्या पुतळ्याच्या पावलात लोखंडासंगं माती होती."

"होती," मी म्हणालो. बोलायचं नाही हा माझा नियम तिथे मोडला.

"लोखंडात माती टिकत नाही म्हनते पुस्तक."

"म्हणतं."

"पन तथी होती तं खरी." ते उठले, आत गेले आणि कुलूप उघडल्याचा आवाज आला. कागद आणून त्यांनी करुणाच्या मांडीवर ठेवले. "इसरजो नको," म्हणाले. "माती हायस तू."

मी अनेक भाष्यं वाचली आहेत. लोखंड आणि माती यांच्या मिश्रणाचा असा अर्थ एकाही भाष्यकाराने लावलेला नाही. ते सगळे त्याला दुबळेपणाची खूण मानतात, आणि ग्रंथाच्या संदर्भात त्यांचंच बरोबर असावं. मी मात्र शमुवेलभाऊंचा अर्थ दुरुस्त केला नाही. राहिलेले चार अध्याय आम्ही कबूल केल्याप्रमाणे पूर्ण वाचले. शेवटच्या दिवशी रत्नाबाईंनी पुरण घातलं.

करुणा प्रशिक्षणाला गेली. निघायच्या दिवशी शमुवेलभाऊ तिला गाडीत बसवायला वाशीमला आले, पण फलाटावर वर्दीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तिकडून ती आईला फोन करायची. बाप बाजूला बसून ऐकायचा. सुटीत ती घरी यायची ती साध्या कपड्यांत. वर्दीतलं तिचं छायाचित्र रत्नाबाईंनी आतल्या खोलीत लावलं होतं, ओसरीवर नाही. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. कागद काढून देणं वेगळं आणि बूट बघणं वेगळं, हे मला आता समजत होतं.

फुटलेली तीन घरं परत आली नाहीत. मी त्यांच्याकडेही दानीएल वाचू या म्हणून गेलो होतो. दोघांनी दार उघडलं नाही. तिसऱ्याने उघडलं, मान दिला, आणि म्हणाला की आता वाचायला वेळ उरला नाही. त्यांच्यातल्या एकाच्या मुलांची शाळा सुटली ती सुटलीच. कुंपणापाशी उभी राहणारी म्हातारी पुढे वारली, तेव्हा तिला कोणत्या मंडळीने माती द्यायची यावर वाद झाला. अखेर शमुवेलभाऊंनी एकट्यानेच प्रार्थना केली. आजही मी त्या बाजूला गेलो की त्या दारांवरून गाडी हळू नेतो. कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी शमुवेलभाऊ आणि मी पोहरादेवीच्या बाजूला एका आजारी माणसाला भेटायला निघालो होतो. यात्रेचे दिवस. बंजारा समाज लांबलांबून आलेला, रस्ता माणसांनी भरलेला. आमची मोटारसायकल पुढे जाईना, तेव्हा एका रसवंतीपाशी लावली आणि पायी निघालो. ऊन सणसणीत होतं. पुढे वळणावर दोर बांधून गर्दीचे दोन भाग केले होते आणि तिथे बंदोबस्त होता. करुणाची नेमणूक तेव्हा वाशीमला झाली होती, पण ती तिथे असेल हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शमुवेलभाऊंना ती आधी दिसली. ते थांबले म्हणून मी थांबलो.

एक म्हातारी बंजारा बाई तिच्या माणसांपासून चुकली होती. आरशांची ओढणी, हातात पांढऱ्या बांगड्या, आणि मोठमोठ्याने स्वतःच्या भाषेत काहीतरी विचारत होती. करुणा तिच्यासमोर उकिडवी बसली होती. स्वतःची बाटली तिच्या हातात दिली होती आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत काही विचारत नव्हती. मग तिने त्या भाषेतले दोन-चार शब्द वापरले, बहुधा कामावर शिकलेली असावी. म्हातारीने बोट दाखवलं. करुणाने तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं आणि कर्णा असलेल्या मांडवाकडे एका सहकाऱ्याबरोबर पाठवलं. उठताना तिने बुटांवरची धूळ झटकली आणि पुन्हा दोरापाशी उभी राहिली.

शमुवेलभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते. लोक त्यांना धक्के देत पुढे जात होते. ते फक्त बघत होते. एकदा जमिनीवर पडून पाहिलेले आणि आयुष्यभर न विसरलेले बूट त्यांनी त्या दिवशी उभ्याने पाहिले असावेत. पण हे माझं म्हणणं झालं.

तेवढ्यात मागून पालखी आली आणि शिट्टी वाजली. करुणाने आमच्या दिशेला हात केला. ओळख पटायला तिला क्षण लागला. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला आणि लगेच सावरला. कामावर होती ती.

"बाबा," ती म्हणाली, "रस्त्यात उभे नका राहू. दोराच्या आत व्हा."

ज्या माणसाने माझ्यासकट कोणाच्याही सांगण्यावरून आपली जागा कधी सोडली नव्हती, त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि गर्दीतल्या लोकांना म्हणाला, "चला बाप्पा, आत व्हा. म्याडम सांगून राह्यल्या." आणि सगळ्यांच्या आधी स्वतः दोर उचलून आत गेला.